अंतऱ्याची जागा

१९५६ साली दिवाळीनंतर मुधोळची शाळा उघडली, तेव्हा तालुका आंध्रात गेला होता. मराठी मास्तरांचा तबादला कुठं होणार, याचीच चर्चा. शामराव मास्तरांची घाई मात्र वेगळी होती. गोदाकाठच्या देवळांतल्या धृपदगायनाचा इतिहास ते सात वर्षं लिहीत होते आणि मुलूख सोडायच्या आत त्यांना शेवटचं एक धृपद हवं होतं. देव ते मानत नसत. स्वर, ताल आणि कागदपत्रं, बस्स.

ते धृपद बासरजवळच्या खेड्यात भागाबाईंना येत होतं. त्यांचे वडील सरस्वतीच्या देवळात गात. सकाळच्या उन्हात, कापूस पसरलेल्या ओसरीवर बसून म्हातारीनं तोडी रागातली स्थायी, धृपदाचा पहिला भाग, गायली. मग तिनं तोंड मिटलं. हात तेवढा मांडीवर चौतालाच्या बारा मात्रा मोजत राहिला. समेवर तिनं पुन्हा स्थायी उचलली.

"अंतरा विसरलात का?" मास्तरांनी विचारलं.

"इसरली नाई. तेवढी जागा देवीची हाय, मास्तर. आपून मात्रा मोजाच्या अन् गप राहाचं."

"पण का?"

"मले काय माईत! बापाचं आयकलं तसंच म्हनून राह्यली."

मास्तरांनी पुन्हा गायला लावलं. या वेळी त्यांनी लक्ष त्या थांबण्याकडे दिलं. शेजारच्या जात्याची घरघर, चिमण्या, वारा, सगळं त्या बारा मात्रांत बंद पडलं. सम आली आणि जातं पुन्हा फिरू लागलं.

उठताना आपले हात जुळलेत हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी ते घाईनं खिशात घातले.

घरी येईस्तोवर त्यांनी कारण शोधलं. कुण्या पूर्वजाला अंतरा आठवला नसणार, अन् त्या विसरण्याला देवीचं नाव दिलं असणार. पण इतिहासात भोक ठेवणं त्यांना जमेना. चार दिवस खपून त्यांनी स्वतःच अंतरा बांधला आणि वहीत 'परंपरेनं आलेला' म्हणून लिहून टाकला.

रविवारी सकाळी तंबोरा लावून ते पत्नीला, मीनाक्षीबाईंना, धृपद ऐकवू लागले. अंतरा सुरेख उतरला. तार षड्जावर त्यांचेच डोळे भरून आले.

"छान झालं," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "पण मधेच गप्प काऊन झालात?"

"गप्प?"

"नुसते ओठ हलत होते. तंबोऱ्यावर बोटं फिरत होती, पण तोही वाजत नव्हता."

दुपारच्या बसनं ते बासरला गेले. वहीतलं पान फाडून गोदेत सोडलं. आयुष्यात पहिल्यांदा देवळाच्या उंबऱ्यावर डोकं टेकलं. इथं कुणीतरी ऐकतं आहे, हे त्यांना आता पक्कं ठाऊक होतं. धीर आला नाही.

सोमवारी त्यांनी वर्गात हजेरीपट उघडला.

पहिलं नाव घेतलं. उत्तर नाही.

दुसरं घेतलं. तिसरं घेतलं.

स्वतःचा आवाज त्यांना खणखणीत ऐकू येत होता. समोर अख्खा वर्ग हाताची घडी घालून, त्यांच्या तोंडाकडं बघत, हजेरी सुरू व्हायची वाट पाहत बसला होता.