अक्कासाठी धरलेली जागा

आवाजांच्या संग्रहालयात माईचं टेबल सर्व्हरच्या खोलीला लागूनच होतं. काचेपलीकडची थंडी तिच्या गुडघ्यांत शिरायची. निवृत्तीला टेकलेल्या तिला सगळे माईच म्हणत. नवं साठवणघर आखायचं काम तिच्याकडे होतं: डिस्क किती, त्या किती सर्व्हरांत वाटायच्या, आणि आवाज आत ठेवायला, बाहेर काढायला गेटवे किती.

"गेटवे म्हणजे दारं, साहेब. कोठार कितीही मोठं बांधा, दारं कमी पडली की सगळे उंबऱ्यातच खोळंबणार," ती संग्रहालयाच्या साहेबांना म्हणाली.

प्रत्येक आवाजाच्या तीन प्रती, तीन वेगळ्या सर्व्हरांवर, हा तिचा हट्ट होता. जुन्या यंत्रात एकच प्रत असे. त्यातली एक डिस्क बिघडली आणि तिच्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, उतारवयात सांगितलेल्या आठवणी कायमच्या गेल्या. अक्का त्याआधीच गेली होती. घरात तिचे फोटो ढीगभर. आवाज मात्र कुठेच उरला नाही. माई कधीकधी डोळे मिटून तो आठवायला बघायची. हल्ली तोही धड आठवेनासा झाला होता.

म्हणून जागेचा आराखडा मांडताना तिनं एक वेडेपणा केला. हरवलेल्या त्या आवाजासाठीही जागा राखली आणि तिला नाव दिलं, 'अक्का'. शाळेत अक्का नेहमी पुढे पळायची, बाकावर रुमाल टाकायची आणि धाकटीसाठी जागा धरून बसायची. रुमालाचं एक टोक कायम चघळून ओलं. आई ओरडायची, "अगं, रुमाल आहे तो, खाऊ नाही!"

नेटवर्क सांभाळणारा लंबू तिच्या खांद्यावरून डोकावला. "माई, ही अक्का कोण? रिकाम्या जागेत पोटभाडेकरू ठेवू का एखादा?"

"गप रे. राहू दे."

साहेबांनी तीनऐवजी दोनच गेटवे लावायला सांगितले. तिसरा परत जायचा होता; तो बंद खोक्यातच खोलीच्या कोपऱ्यात राहिला.

साठवणघर सुरू झालं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका दुपारी लंबू टेबलाशी आला.

"माई, अक्काच्या जागेत काहीतरी भरतंय."

"कुठल्या गेटवेतून?"

त्यानं कोपऱ्याकडे पाहिलं. "तिसऱ्या."

"अरे, त्याला वायर तरी आहे का?"

"तेच तर म्हणतोय मी."

माईनं बिनतारी हेडफोन चढवले. आधी फरशीवर बाकं ओढल्याची खरखर, पोरींचा गलका. मग अक्का. हरवलेली, दमेकरी, म्हातारी अक्का नव्हे. दोन वेण्यांची. त्या वयातला तिचा आवाज कुणीही, कधीही टिपून ठेवलेला नव्हता.

"ए, ऊठ तिथून. रुमाल दिसत नाही का? माझी धाकटी येतेय."

माईचा हात तोंडावर गेला. तोच आवाज. कसा काय विसरले मी, असं तिला झालं.

"गाडी आलीय खोकं न्यायला," लंबू हळूच म्हणाला. "बिघाड असणार काहीतरी. पुसून टाकू का?"

"हात लावू नकोस."

"माई..."

"गाडी परत पाठव. ते खोकं कुठेही जाणार नाही."

तो गेला. माई कोपऱ्यात खोक्याजवळ बसली. हेडफोन कानावरच होते. चिकटपट्टी कारखान्यातून आली तशी, सलग, घट्ट. तिनं पट्टीवर कात्री टेकवली.

गलका थांबला.

"आली, आली," अक्का अगदी जवळून म्हणाली. "सरका गं."

माईनं पट्टी कापली.

कानात आता काहीच नव्हतं.

आत पांढरा थर्माकोल. त्याखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, कुणी हात न लावलेला, थंड गेटवे.

आणि त्याच्यावर चौकोनी घडी घातलेला एक रुमाल.

तिनं बोट पुढे केलं.

एक टोक ओलं होतं.