तुम्ही बसलात की नीट चालतो

दार उघडायला तिचा एकही हात मोकळा नव्हता. कवेत कॉम्प्युटरचा जडशीळ डबा, त्याभोवती आईने गुंडाळलेलं पडद्याचं फुलाफुलांचं कापड, आणि बाहेर नेमकी भुरभुर सुरू झालेली. तिने दुरुस्तीच्या दुकानाचं दार पायाने ढकललं, त्याच क्षणी ते आतून कुणीतरी ओढलं, आणि ती डब्यासकट थेट एका निळ्या शर्टासमोर येऊन थांबली.

"सावकाश..." निळा शर्ट म्हणाला. मग त्या कापडाकडे बघून त्याने आवाज एकदम खाली आणला. "झोपलंय का?"

"कोण?"

"बाळ."

तिने कापडाचं टोक उचललं. आतून काळा पत्रा दिसला. तो कानापर्यंत लाल झाला, आणि ती इतकी हसली की डबा निसटलाच. त्याने तो वरच्यावर झेलला.

"बरं, काय होतंय बाळाला?"

"मधेच डोळे मिटतो. न सांगता, कधीही. काल माझं घुबड गेलं."

"गेलं?"

"अर्धं. डोळे तेवढे वाचले."

ती लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. सध्या पक्ष्यांचं पुस्तक हातात होतं, महिनाअखेरीला प्रकाशकाकडे जायचं होतं, आणि हा शहाणा ऐन पिसाऱ्यात मान टाकत होता. घरी तिला सगळे चिऊ म्हणत. ते नाव पक्ष्यांच्या कितीतरी आधीचं, तिच्या अखंड चिवचिवाटामुळे पडलेलं.

त्याने डबा टेबलावर आडवा झोपवला, झाकण काढलं, मेमरी तपासली, पंखे साफ केले, ताप मोजला. दिवसभर त्याच्याकडून ढोरमेहनत करून घेतली. डबा एकदाही बंद पडला नाही. तिने तो घरी नेला, आणि संध्याकाळच्या आत पोपटाची शेपटी गेली. पुन्हा दुकान. या वेळी त्याने मेमरी बदलली, वीज पुरवणारा भागही बदलला. दुकानात अगदी साळसूद, घरी पोहोचताच पुन्हा तेच.

"याला घरीच बघायला हवं," तो डोकं खाजवत म्हणाला. "म्हणजे... तुमची हरकत नसेल तर."

तिची हरकत नव्हती. खरं तर घरी येऊन तिने आरशात दोनदा बघितलं, आणि दोन्ही वेळा स्वतःवरच चिडली.

वरच्या मजल्यावरची ती लाकडी जमिनीची एकच मोठी खोली मायलेकींचा कारखाना होती. एका खिडकीपाशी आईचं शिवणयंत्र, दुसऱ्या खिडकीपाशी चिऊचं टेबल. आई लोकांच्या घरांचे पडदे शिवायची. "मी पडदे शिवते आणि ही पडद्यासमोर बसते," असं ती सगळ्यांना सांगायची. तो आला तशी आईने शिवण बाजूला सारली. घरी आलेल्या माणसासमोर खडखडाट करणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने चहा केला, खुर्ची पुढे ओढली, त्याचं नाव 'डॉक्टर' ठेवलं आणि गप्पा मारत बसली. कॉम्प्युटर शहाण्या मुलासारखा चालला. तो जिना उतरला, आई आपल्या पडद्यांकडे वळली, आणि थोड्याच वेळात चिऊच्या पडद्यावर काळोख.

तिने फोन केला. "तुम्ही गेलात आणि हा गेला."

"मी असताना तर..."

"तेच म्हणतेय. तुम्ही बसलात की नीट चालतो."

पलीकडून चाचरत आवाज आला, "मग... बसायला येऊ?"

दुपारी दुकान बंद असायचं तेवढ्यात तो येऊ लागला. मांडीवर स्वतःची किरकोळ दुरुस्ती घेऊन तिच्या मागे स्टुलावर बसायचा. काचेवर पाऊस टपटपायचा, आई चहाचे कप भरायची, आणि चिऊ कामाला लागायची. चित्रात एखादा गडद भाग आला की पडद्याच्या काचेत त्याच्या चेहऱ्याचं प्रतिबिंब दिसायचं. त्यामुळे पुस्तकातल्या कावळ्यावर तिने गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ घालवला.

"या बगळ्याचं नाक माझ्यासारखं का आहे?" एकदा त्याने मागून विचारलं.

"त्याला चोच म्हणतात."

"चोच नाही ती. नाकच आहे. माझं."

"मग नाक दुसरीकडे ठेवा ना, मी काय करू? समोर दिसेल ते काढते मी."

"पण मी तर मागे बसतो." तो थांबला. "म्हणजे तुम्ही... मला वाटतं की..."

आई कप उचलता उचलता पुटपुटली, "हा मुलगाही मधेच बंद पडतो."

पुस्तक पुढे सरकत होतं याचा चिऊला आनंद होता. पण दोष सापडला की हा उद्यापासून येणार नाही, हेही तिला कळत होतं. दोष सापडू नये असं वाटायचं, आणि असं वाटणाऱ्या आपल्याला दोन फटके द्यावेत असंही वाटायचं.

शेवटचं पान राहिलं होतं त्या दुपारी आईने कप दाणकन ठेवला. "अरे डॉक्टर, तुझ्यापायी मी किती दिवस हात बांधून बसू? गिऱ्हाईकं माझ्या नावाने शंख करताहेत. तू काही आता पाहुणा नाहीस. मी बसते माझ्या कामाला."

'तुम्ही'चं 'तू' झालेलं ऐकून तो हरखला. आईने यंत्र सुरू केलं. खडखडखड... पायाखालची जमीन थरथरली, टेबल थरथरलं, आणि चिऊचा पडदा काळा झाला.

"काकू, थांबा!" तो उडालाच. त्याने कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. "आता परत चालवा!"

खडखडखड. पुन्हा काळोख.

त्याने डबा उघडून बॅटरी मारली. पडद्यावर चित्र आणणारं जाड कार्ड आपल्याच वजनाने एका बाजूने लोंबत होतं, आणि जरा हादरा बसला की खाचेतून सुटत होतं. "दुकानात मी याला कायम आडवा ठेवून तपासला," तो कपाळावर हात मारून म्हणाला. "आडवं असलं की हे लोंबत नाही. इथे उभा असतो. आणि मी आलो की तुम्ही शिवण थांबवायचात."

"आडवं झोपवल्यावर कुठलं बाळ रडतं?" आई म्हणाली.

त्याने कार्ड नीट बसवलं, स्क्रू आवळला, आणि आईकडून दोऱ्याचं एक रिकामं लाकडी रीळ मागून कार्डाच्या लोंबत्या टोकाखाली उभं केलं. आईने यंत्र जीव खाऊन पळवलं. पडद्यावरचं चित्र ढिम्म हललं नाही.

"आता बंद पडणार नाही," तो म्हणाला. वाईट बातमी सांगावी तसा. "मग उद्या... म्हणजे..."

ती काहीतरी बोलेल म्हणून तो थांबला, तो बोलेल म्हणून ती थांबली, आणि शेवटी तो बॅग उचलून निघून गेला.

पुस्तक वेळेवर पोहोचलं. कॉम्प्युटर घड्याळासारखा चालू लागला. चिऊने टेबलाला एक हळूच लाथही मारून बघितली. काही नाही. स्टूल मात्र रिकामं होतं, आणि तिला तिथे बघवत नव्हतं. शेवटी तिने फोन उचलला.

"एक तक्रार आहे."

"बंद पडला?" त्याच्या आवाजातला आनंद लपत नव्हता.

"नाही ना. बंदच पडत नाही. तीच तक्रार आहे." तिने डोळे मिटून घेतले. "मला तुम्ही इथे बसलेले आवडता. कामाशिवाय. नुसतेच."

तिने एक डोळा उघडला.

"हॅलो? बंद पडलात का?"

"नाही, नाही... चालू आहे. हत्यारं आणू?"

"नको."

तो आला तेव्हा केस भिजलेले होते आणि खांद्यावर बॅग नव्हती, त्यामुळे हातांचं काय करावं हे त्याला कळेना. दारातच तो म्हणाला, "मी... म्हणजे मला..."

तिने मधे शब्द घातला नाही. बसून वाट बघायची असते, हे ती त्याच्याकडूनच शिकली होती.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला.

"अडखळला नाहीस!"

"घरी सराव केला. पलंगावर पडून." तो लाजून हसला. "आडवा असलो की मीही नीट चालतो. उभ्याने पहिल्यांदाच म्हणालो."

"मग आधार द्यायला हवा," ती म्हणाली, आणि त्याच्या रिकाम्या हातात तिने आपला हात ठेवला.

खिडकीपाशी आईने मान वर करून दोघांकडे एकदा पाहिलं. शिवणयंत्र मात्र तिने थांबवलं नाही.