चोचीजवळचा धागा

वल्लरीचं पत्र उपेंद्रने इतक्या वेळा वाचलं होतं, की घडीवर कागद विरायला लागला होता. उत्तर मात्र त्याने दिलं नव्हतं. 'तुम्ही'वरून 'तू'वर आलेली ही मुलगी पत्रात पुन्हा 'तुम्ही'वर गेली होती... बाकी मजकुराच्या आधी तेच लागलं होतं त्याला.

त्यांची ओळख त्याच वर्षी, दोन हजार तीनच्या सुरुवातीला झाली. नाशिकला लिनक्स ही खुली, फुकट संगणकप्रणाली वापरणाऱ्यांची रविवारी बैठक भरायची. आपापला कॉम्प्युटर उचलून आणायचा, ही तिथली रीत. उपेंद्र रिकाम्या हातांनी दारात उभा होता. येवल्याच्या एसटीतून उतरलेली वल्लरी चादरीत गुंडाळलेला सीपीयू छातीशी धरून समोर आली.

"धरता का जरा? की नुसतं बघायला आलात?"

त्याने धरला. "जड आहे हो."

"कंडक्टर म्हणाला, ताई, बाळ आहे का? अर्धं तिकीट काढा."

त्या डब्यात पैठणीची नक्षी होती. तिचे वडील, जयराम, मागावर बसायचे. ग्राफपेपरवर मोर आखता आखता त्यांचे डोळे दुखायला लागायचे, म्हणून तिने नक्षी आखणारा प्रोग्रॅम लिहिला होता, सगळ्यांसाठी खुला. कुणीही घ्या, बदला, हवं तर विकासुद्धा. अट एवढीच, की आतलं लिखाण झाकायचं नाही आणि आधी राबलेल्यांची नावं पुसायची नाहीत.

दुसऱ्या भेटीत उपेंद्र चाचरत म्हणाला, "मोर उलट्या बाजूला वळवला, की चोचीजवळ एक धागा सुटतो."

"मग दुरुस्त कर ना. मोराकडे बघ... माझ्याकडे काय बघतोस?"

त्याने ती चूक रेंगाळत ठेवली. चूक होती म्हणून भेटी होत्या. घाई तीही करत नव्हती.

उपेंद्र नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत होता. कौतुकाने त्याने तो प्रोग्रॅम मालकांना, धवलशेठना दाखवला. बघता बघता प्रोग्रॅमला कुलूप लागलं, रंगीत खोकं आलं. आतली नावं गेली, वर कंपनीचं नाव चढलं. आणि शेठ ते खोकं विकायला निघाले कुठे, तर येवल्याला, त्याच विणकरांच्या दारात.

मग पत्र आलं.

"आमच्या शेजारच्या पुंजाकाकांनी तुमच्या कंपनीचा प्रोग्रॅम विकत घेतला. त्याही मोराचा चोचीजवळचा धागा सुटतो. काकांना विणलेला पदर उसवावा लागला. दुरुस्ती करायची, तर आत कुलूप. माझं नाव पुसलंत आणि माझी चूक तेवढी ठेवलीत. विकू नका, असं मी कधीच म्हटलं नव्हतं. यात तुमचा हात आहे का, एवढंच सांगा."

हात होता. म्हणून तर तो लिहायला बसत नव्हता.

एका दुपारी धवलशेठ पेढे वाटत आले. "उपेंद्र, येवल्याची सगळी खोकी खपली. घे."

"शेठ, त्यात वल्लरीचं नाव घाला. कुलूप काढा."

"आणि खायचं काय आपण?"

"विका ना. शिकवण्याचे घ्या, दुरुस्तीचे घ्या. पण आतलं लिखाण उघडं ठेवा."

"अरे, फुकट वाटलेल्या वस्तूला मालक नसतो."

"फुकट नव्हती, अटीवर दिली होती." उपेंद्र खुर्चीतून उठला. "म्हाताऱ्या विणकरांचे डोळे दुखू नयेत म्हणून केलेलं काम ते. त्यांनाच तुम्ही चुकीसकट विकलंत, आणि चूक काढायची सोयही ठेवली नाहीत."

"नोकरी नकोय का तुला?"

"हवीय. चोरी नकोय."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

पेढा टेबलावर तसाच ठेवून तो निघाला. घरी जाऊन त्याने आधी तो धागा जोडला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मोर डावीकडे वळवून पाहिला, उजवीकडे वळवून पाहिला. मग कागद ओढला.

"वल्लरी, हो. प्रोग्रॅम मीच शेठना दाखवला. चूकही मीच तशी राहू दिली — ती काढली असती, तर तुला भेटायला निमित्त उरलं नसतं. काकांचा पदर माझ्यापायी उसवला. दुरुस्त प्रोग्रॅमची सीडी सोबत आहे, उघडी, तुझ्या नावासह. रविवारी येवल्याला येतोय. आधी काकांची माफी मागेन. वकिलाकडे जायचं ठरवलंस, तर साक्ष देईन. तरी राग उरला, तर उरू दे... पण तू मला आवडतेस, हे आज निमित्ताशिवाय सांगतोय."

सीडीमुळे पाकीट जाड झालं होतं. टपालपेटीच्या तोंडात ते अडकलं. अजूनही ओढून परत घेता आलं असतं... उपेंद्रने ते तळहाताने आत लोटलं.