कानामागचं काजळ

इस्तंबूलच्या विमानतळावर हेरंबने डब्यातली दशमी काढून पाच वर्षांच्या मिहिकासमोर धरली, तर तिने तोंडच फिरवलं.

“बाबा, मला कसंतरी होतंय.”

हेरंबने लगेच फोन पाहिला. पडद्यावर हिरवा ठिपका होता. “काही नाही गं, ठणठणीत आहेस. हे बघ, हिरवं आहे.”

त्या ठिपक्यावर त्याची भारी श्रद्धा. मिहिकाच्या डाव्या कानामागे डाळीएवढा आरोग्यबिंदू चिकटवलेला होता. कातडीतून बारीकसा उजेड आत सोडायचा, रक्त वाचायचं आणि ताप, पाणी, साखर सगळं आईबापांच्या फोनवर पाठवायचं, हे त्याचं काम. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक मुलाला तो आता सक्तीचा होता. हिरवा असेल तर विमानात प्रवेश. लाल झाला तर विमानतळावरच्या बालकक्षात दोन दिवस मुक्काम.

पुण्याहून हेलसिंकीपर्यंत लेकीला एकट्याने न्यायचं, तर हेरंबला या बिंदूचा केवढा आधार वाटत होता! मिहिकाचं दुखणंखुपणं आजवर मंजिरीच बघत आली होती, आणि मंजिरी नोकरीसाठी आठ महिने हेलसिंकीत होती. आज ती दोघांना घ्यायला येणार होती. आईसाठी काढलेलं चित्र मिहिकाने पुण्यापासून हातातून सोडलं नव्हतं.

विमानाला तास उरला, तेव्हा मिहिका त्याच्या खांद्यावर डोकं टाकून गप्प पडली होती. चित्राची गुंडाळी खाली घरंगळली तरी तिने पाहिलं नाही. तेवढ्यात हेरंबच्या थोरल्या बहिणीचा, कुंदाताईचा फोन आला.

“पोरगी जेवली का रे?”

“नाही ताई. कंटाळलीय. बाकी सगळं हिरवं आहे.”

“हिरवं-पिवळं राहू दे तुझं. हात लावून बघ तिला. तळहात नको, उलटा हात, मानेला.”

हेरंबने हात लावला. मान तव्यासारखी तापली होती. फोनवर ठिपका हिरवाच. त्याने घाईघाईने बिंदू सोडवला. खाली काळाकुट्ट डाग.

“ताई, हिच्या कानामागे काय लावलंस?”

“तीट लावली. एवढी लांब चाललेली पोर, कुणाची दृष्ट नको लागायला. आंघोळ झाल्या झाल्या लावली, तू ते यंत्र परत चिकटवायच्या आधी. का रे?”

एरंडेलात खललेलं घरचं काजळ! उजेड आत जाईना, तेव्हा बिंदू आंघोळीसाठी काढण्यापूर्वीचे जुने आकडेच दाखवत बसला होता. हसावं की रडावं, हेरंबला कळेना. ताईवर रागवायचं तरी कोणत्या तोंडाने? चिकटवण्याआधी कातडी पुसून घ्या, असं बिंदूच्या डबीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं.

विमानात बसायची घोषणा झाली. बिंदू होता तसा काजळावर दाबला, की झालं. कुणी विचारणार नव्हतं. चार तासांत मंजिरी भेटेल, तिला सगळं कळतं, ती सांभाळेल. बिंदू बोटावर धरून हेरंब लेकीच्या कानापाशी थबकला. लाज वाटावी इतका वेळ थबकला.

मग त्याने रुमाल ओला केला, काजळ घासून पुसलं आणि बिंदू स्वच्छ कातडीवर लावला. पडदा लालभडक झाला. ताप एकशे तीन, अंगातलं पाणी कमी.

बालकक्षातल्या परिचारिकेने औषध आणि साखर-मिठाचं पाणी दिलं. हेरंब चमच्याचमच्याने ते पाजत राहिला. खिडकीतून त्यांचं विमान जाताना दिसलं. त्याने मंजिरीला फोन लावून घडलेलं सगळं सांगितलं.

“अरे, बरं केलंस,” ती म्हणाली. “मीच येते तिकडे. मिळेल त्या विमानाने निघते.”

संध्याकाळी ताप उतरला. मिहिकाने अर्धी दशमी खाल्ली, चित्राची गुंडाळी सारखी केली आणि बापाच्या मांडीवर चढून बसली. त्याने पुन्हा एकदा उलटा हात तिच्या मानेला लावला. मान गार होती.

“बाबा, मला बरं नाही ते तुला कधी कळलं?”

“असा हात लावला ना, तेव्हा.”

मिहिकाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

“पण मी तर आधीच सांगितलं होतं. तेव्हा तू माझ्याकडे का नाही बघितलंस?”