गुरुवारचा शेवटचा पाइप

मुकुंदवाडीतल्या डिटेक्टिव्ह दमयंतीबाईंच्या खोलीत येऊन मनकर्णाबाई बसल्या आणि चहाला नाही म्हणाल्या. गंगापूरची बाई चहाला नाही म्हणते, म्हणजे मामला गंभीर.

"माझी सून वाळूजला ब्रेकचे पाइप तपासती," त्या म्हणाल्या. "न तपासताच पाइप पुढं ढकलला, असा आळ घेतलाय तिच्यावर. घरात मी तिला शंभर बोलंन. बाहेरच्यानं एक बोलायचं नाय."

आळ असा होता. सून प्रेरणा त्या तपासणीच्या मशीनवर आल्याला सात आठवडे झाले होते. या सातही गुरुवारी दिवसातल्या शेवटच्या पाइपाची नोंद मशीनच्या मेमरी कार्डात नव्हती. बाकी सगळ्या नोंदी जागच्या जागी. आज आठवा गुरुवार, उद्या सुटी, आणि परवा तिला काढून टाकायचं ठरलं होतं.

"देवाधर्मात कुठं कमी पडले मी?" रिक्षात मनकर्णाबाई पुटपुटत होत्या. "ती मशीनवर बसली तवापासून दर गुरुवारी तिच्या हातून नारळ धाडती. आज तर मीच आणलाय." त्यांनी पिशवी छातीशी धरली.

कारखान्यातले तपासणी साहेब राजकुमार सरळ बोलले. ही येण्याआधी एकही नोंद हरवली नव्हती. मशीनचं काय, तर ते पूर्वी प्रत्येक पाइपानंतर अडून बसायचं, कार्ड जुनं आणि गच्च भरलेलं. मागच्या वर्षी मशीन विकणाऱ्यांचा माणूस येऊन ते अडणं काढून गेला. तेव्हापासून झटपट चालतं.

प्रेरणा एवढंच म्हणाली, की पडद्यावर 'नोंद झाली' आल्याशिवाय तिनं एकही पाइप सोडला नाही. दमयंतीबाईंनी तिला एक पाइप तपासायला लावला. पडद्यावर 'नोंद झाली' आलं. कार्डाशेजारचा बारीक हिरवा दिवा मात्र बराच वेळ लुकलुकत राहिला. त्यात बघण्यासारखं काय आहे, ते मनकर्णाबाईंना उमगेना.

झाडलोट करणारा कडुबा म्हणाला, "रोज आधी झाडतो, मग मेन स्विच खाली. गुरुवारी पाळी सुटली की मशीनची पूजा. पूर्वी नुसती उदबत्ती होती. आता नारळ असतो, पाणी उडतं. म्हणून शेवटचा पाइप झाला की आधी मेन ओढतो."

मनकर्णाबाईंचं डोकं गरगरायला लागलं. चोर कोण, ते कुणी सांगेना. सगळे पूजाअर्चा आणि झाडूच्या गोष्टी करत होते.

पाळी सुटताना दमयंतीबाईंनी सगळ्यांना मशीनपाशी बोलावलं. प्रेरणानं एक पाइप तपासला. 'नोंद झाली' दिसताच त्या म्हणाल्या, "कडुबा, ओढा." मशीन पुन्हा चालू केलं. कार्डात तो पाइप नव्हता. दुसरा पाइप घेतला, हिरवा दिवा शांत होऊ दिला, मग मेन ओढलं. ती नोंद होती.

राजकुमारांनी कार्डातल्या नोंदी पुन्हा एकदा वाचून पाहिल्या.

"पूर्वी कार्डावर लिहून झाल्याशिवाय हे मशीन पुढं जात नसे, म्हणून अडायचं," दमयंतीबाई म्हणाल्या. "आता ते नोंद डोक्यात धरतं, 'झाली' म्हणून मोकळं होतं आणि कार्डावर सवडीनं उतरवतं. तोवर हा हिरवा दिवा लुकलुकतो. असल्या कार्डात लिहिलेल्यावर लिहिता येत नाही, आधी अख्खा कप्पा पुसावा लागतो. त्याला वेळ लागतो. तेवढ्यात वीज गेली, की डोक्यातलं गेलं."

"म्हंजी," मनकर्णाबाई सावकाश म्हणाल्या, "सून म्हणती डबा फडताळात ठेवला, अन् डबा असतो वट्यावर. तेवढ्यात मांजर येतं."

"अगदी तसं."

"पण मग ही आल्यापासूनच का?" राजकुमारांनी विचारलं.

"कारण त्याआधी गुरुवारी नारळ नव्हता. मेन झाडून झाल्यावरच खाली यायचं."

मनकर्णाबाईंनी पिशवीतल्या नारळाकडं पाहिलं, मग सुनेकडं. सात गुरुवार ती घरी गप्प जेवत होती, आणि त्या तिला वर म्हणत होत्या, 'तुझंच काहीतरी चुकलं असंल.'

"साहेब," त्या म्हणाल्या, "ते काढायचं पत्र फाडा. नाव लिहायचंच असंल तर माझं लिहा. मनकर्णाबाई, राहणार गंगापूर."

मग त्यांनी नारळ प्रेरणाच्या हातात दिला. "नारळ मी बंद करायची नाय. पण ह्यो दिवा निजल्याबिगर कडुबाला हात लावू द्यायचा नाय."

"व्हय, आत्याबाई."

आठव्या गुरुवारचा शेवटचा पाइप झाला. 'नोंद झाली' आलं. कडुबा मेनपाशी गेला. मनकर्णाबाईंनी त्याचं मनगट धरलं, आणि हिरवा दिवा विझेपर्यंत सोडलं नाही.