सगळ्यांना उपयोग होईल

आगरदांड्याहून दिघीला जाणारी फेरीबोट सुटायला अजून अवकाश होता आणि पाऊस धड पडत नव्हता, धड थांबतही नव्हता. गणपती नुकतेच गेले होते. कल्पिता मावशीकडे श्रीवर्धनला निघाली होती खरी, पण तिच्या डोक्यातली शाळा काही सुटीवर जायला तयार नव्हती. बोटीच्या बाकावर बसून ती पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर माशांची नावं लिहीत होती… मांदेली, बोंबील, सुरमई.

"हे पहिलीचं की दुसरीचं?" कोणीतरी विचारलं.

तिने वर पाहिलं. मोटारसायकलला टेकून एक उंच, सावळा तरुण उभा होता. शर्टाच्या खिशाशी खडूचा पांढरा डाग. म्हणजे आपल्याच जातकुळीतला, तिने ओळखलं.

"दोन्हींचं. माझ्याकडे एकाच खोलीत चार वर्ग बसतात," ती म्हणाली. "पुस्तकात कमळ आहे. आमच्या काशीदकडच्या पोरांनी कमळ बघितलंय कुठे? मांदेली रोज बघतात."

तो हसला. हसताना आधी त्याचे डोळे हसायचे, ओठ मागून. नाव प्रज्योत. मूळचा वाशिमचा, पण नोकरीला लागल्यापासून श्रीवर्धन तालुक्यातल्या एका छोट्या गावात एकटाच शाळा सांभाळत होता. त्याने पट्ट्यांचा फोटो काढला आणि आपल्या गटाबद्दल सांगितलं. छोट्या शाळांचे शिक्षक मोबाइलवर एकत्र येतात, गटाचं नाव 'एक खोली, चार वर्ग'. तिलाही घेतो म्हणाला, फक्त नंबर हवा.

"नंबर गटासाठी मागताय की…?" हे धाडस आपल्या तोंडून कसं निघालं, तिचं तिलाच कळेना.

"गटासाठी," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

गट मोठा गमतीचा होता. उरणपासून पोलादपूरपर्यंतची माणसं त्यात होती. सुप्रभातची फुलं टाकायची नाहीत, प्रमाणपत्रं मिरवायची नाहीत. आज वर्गात काय करून बघितलं आणि काय फसलं, एवढंच लिहायचं. दर बुधवारी संध्याकाळी सगळे व्हिडिओ कॉलवर जमत. एकजण आपला तास दाखवी, बाकीचे प्रश्न विचारीत. कल्पिताच्या गावात रेंज मिळायची ती शाळेमागच्या दगडी कुंपणाच्या गडग्यावर, समुद्राकडे तोंड करून बसलं तरच. पाऊस आला की ती छत्री मोबाइलवर धरी आणि स्वतः भिजे. महाडच्या एका बाईंनी तिला तिसरीच्या मुलांकडून पहिलीला शिकवून घ्यायची युक्ती दिली. तिच्या मांदेलीच्या पट्ट्या खाडीकाठच्या कितीतरी शाळांत जाऊन पोचल्या. सगळ्या प्रशिक्षणांत मिळून जेवढं शिकली नव्हती, तेवढं ती त्या गडग्यावर बसून शिकली.

शिकत होती हे खरं. पण बुधवारची वाट ती नुसती शिकण्यासाठी बघत नव्हती, हेही तेवढंच खरं. प्रज्योत कॉलवर सगळ्यांच्या आधी यायचा. मग तीही लवकर येऊ लागली. तेवढीच दोन-चार मिनिटं दोघांची. त्याच्याकडे पावसाची सर आली की थोड्या वेळाने इकडे येई. "मॅडम, छत्री उघडा, निघालाय तुमच्याकडे," तो सांगायचा, आणि खरोखरच पाऊस यायचा. एवढ्याशा बोलण्यावर तिचा आठवडा निघायचा.

पण आठवड्यातून एकदा किती बोलणार? मग ती त्याला एकट्याला निरोप पाठवू लागली. बेरीज हातच्याची कशी घेता, कविता चालीवर की नुसती वाचून? उत्तर ठरलेलं यायचं, "छान प्रश्न आहे मॅडम. गटात विचारा ना, सगळ्यांना उपयोग होईल." ती चडफडत गटात विचारायची आणि सगळ्यांना उपयोग व्हायचा.

प्रश्न संपले तसे तिने अडचणी तयार केल्या. एकदा लिहिलं की वर्गात एक मुलगी सारखी खिडकीबाहेर बघत बसते, काय करावं? तिच्या वर्गात अशी मुलगी नव्हती. खिडकीबाहेर बघत बसायची ती कल्पिताच. अर्थात हाही प्रश्न गटात गेला. उरणच्या एका वयस्कर गुरुजींनी कळकळीने लिहिलं, तिला रागावू नका, तिच्या मनात काय आहे ते प्रेमाने विचारा. प्रज्योतने त्याला अंगठा दिला आणि मोकळा झाला. त्या अंगठ्याकडे बघून कल्पिताला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

तिच्या शाळेतल्या मोठ्या बाई, सुचिताबाई, सगळं बघत होत्या. डबा खाताना म्हणाल्या, "ह्या गुरुजींना सगळ्या पोरांचं मन कळतं, एका बाईचं सोडून." कल्पिताने हसण्यावारी नेलं. डबा मात्र अर्धाच ठेवून झाकण लावलं.

एप्रिल संपत आला होता. गडग्यावर बसून तिने मोबाइल उघडला तर गटात फुलंच फुलं. कोणीतरी लिहिलं होतं, 'प्रज्योत सरांचा बदलीत नंबर लागला. स्वतःचा वाशिम जिल्हा मिळाला. अभिनंदन!' खाली सगळ्यांची अभिनंदनं. सगळ्यांना कळलं तेव्हाच तिलाही कळलं, सगळ्यांना कळलं तेवढंच. तिनेही लिहिलं, अभिनंदन सर. दुसरं काय लिहिणार होती?

दोन दिवसांनी प्रज्योतने जाहीर केलं की यापुढे गट कल्पिता मॅडम सांभाळतील. मग त्याचा फोन आला, पहिल्यांदाच.

"मॅडम, गटाचं जरा—"

"गटाचं असेल तर गटात बोला," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग कितीतरी वेळ तो पुन्हा वाजेल म्हणून हातात धरून बसली.

फोन नाही, निरोप आला. 'रविवारी आगरदांड्याला येतो. गटाचं काम नाही.'

मे महिन्याचं ऊन, धक्क्यावर सुकटीचा वास, आभाळात नुसतेच जमलेले ढग. बोटीतून तो उतरला तो गाडीशिवाय, एकटा. चेहरा उतरलेला. कल्पिताने घरून निघताना तयार केलेलं सगळं भांडण त्या चेहऱ्यापुढे विरघळून गेलं.

"अर्ज आपण भेटायच्या आधीच केला होता," तो म्हणाला. "आई एकटी असते, तिला आता नीट दिसत नाही. जायचं हे ठरलेलंच होतं. आपल्या दोघांतच काही सुरू झालं असतं, तर… मला निघवलं नसतं. म्हणून सगळं गटात ढकलत राहिलो."

"मग आता निघवतंय?"

"नाही."

हा एक शब्द ऐकायला ती इतके महिने झुरत होती. ऐकला आणि तिला आनंद झाला, भयंकर रागही आला. हा माणूस आता भल्या मनाने निघून जाईल. माझ्यासाठी तुझं गाव सोड, समुद्र सोड, असं तोंडातून काढणार नाही. मग काढायचं कोणी?

"सर, एक विचारायचं होतं," ती समुद्राकडे बघत म्हणाली. "नवरा-बायको दोघंही शिक्षक, पण वेगवेगळ्या जिल्ह्यांत… तर बदलीत काही सोय असते ना?"

"असते ना, पती-पत्नी एकत्रीकरण," तो लगेच म्हणाला. प्रश्न आला की त्याच्यातला गुरुजी जागा व्हायचाच. "फक्त जो बदली मागतो त्याची ठरावीक सेवा व्हावी लागते. मग लग्नाचा दाखला जोडायचा, दोघांच्या शाळांची पत्रं जोडायची. जागा निघेपर्यंत मात्र थांबावं लागतं. कोणाला हवंय? गटातल्या कोणाला…"

आणि तो थांबला. त्याचे कान लाल झाले, मग सगळा चेहराच.

"गटातल्याच एकीला," ती म्हणाली.

तो हळूच म्हणाला, "तिकडे समुद्र नाही, मॅडम."

"माहीत आहे."

"आई माळकरी आहे. घरात मासळी चालत नाही."

हे मात्र तिच्या ध्यानात नव्हतं. तिने मनापासून विचार केला. "घरात नाही खाणार," ती म्हणाली, "पण सोडणारही नाही. आईंना हे आधीच सांगून ठेवा."

तो हसला. या वेळी ओठ आधी हसले, कारण डोळे भरून आले होते. जागा निघायला किती वर्षं लागतील सांगता येत नाही, तो म्हणाला. लग्न करून राज्याच्या दोन टोकांना राहायचं, सणावारी भेटायचं. तिने मान हलवली. त्यांच्या नोकरीत अशी जोडपी तिने पाहिली होती. तो सोपा संसार नव्हता, हे तिला ठाऊक होतं.

बोटीवरच्या धर्मा खलाशाने हाक दिली, "गुरुजी, येताव का न्हाय? फळी उचलायची हाय."

प्रज्योत चढला. फळी उचलणार तेवढ्यात धर्माला थांबवून परत खाली उतरला. मागे मोटारसायकलवाले भोंगे वाजवत होते. सगळ्यांदेखत त्याने तिचा हात हातात घेतला. हात गरम होता, घामेजला होता.

"कल्पिता… मी वाट बघेन."

"बघा," ती म्हणाली. "मी येणार आहे."

फळी उचलली गेली आणि बोट धक्क्यापासून सुटली. कल्पिता तिथेच उभी राहून रडली, आणि कोण बघतंय याची तिला अजिबात लाज वाटली नाही.