सोबतीला गुण कशाचे?

एक प्यादं एक घर पुढे सरकवायला किती वेळ लागावा? आमच्या सोबतीने पाऊण तास लावला. आई जेवायला हाका मारून दमली, तरी त्याचा यांत्रिक हात आपला पटावर अधांतरी. शेवटी मी वैतागून उठले. त्याबरोबर त्याच्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'सोबती विजयी.'

हे रोजचंच झालं होतं.

सोबती माझ्या सुलूआत्याने बनवला. ती एके काळची बुद्धिबळातली राज्य विजेती. आता सांगलीच्या एका प्रयोगशाळेत यंत्रांना शिकवते. गावोगावच्या मुलांना बुद्धिबळ शिकवणारा यंत्रमानव तिला घडवायचा होता, आणि पहिली विद्यार्थिनी मी, मृण्मयी. मी तिला स्पष्टच सांगितलं, "आत्या, मला तुझं बुद्धिबळ नको. मी उद्यापासून कॅरम खेळणार."

आत्याचा चेहरा पडला. लाखो डाव पाठ असलेलं यंत्र एका प्याद्यापाशी अडतंच कसं, असं पुटपुटत ती स्वतः खेळायला बसली. थोड्या वेळाने तीही कंटाळून उठली, आणि सोबती पुन्हा विजयी!

"अगं, हा विचार करतच नाहीये," ती म्हणाली. "हा आपण उठायची वाट बघतोय."

मग तिने समजावलं. सोबतीला तिने बक्षीस-शिक्षण दिलं होतं (म्हणजे कसं खेळायचं ते सांगायचं नाही, हवं ते घडलं की गुण द्यायचे. यंत्र हजारो वेळा चुकतमाकत गुण मिळवायची वाट स्वतःच शोधतं). गुण होते जिंकण्याला. समोरचा उठून गेला तरी डाव जिंकलाच. चांगलं खेळून जिंकण्यापेक्षा कंटाळा आणून जिंकणं सोपं. आपल्या मनात काय आहे ते यंत्राला दिसत नाही. ज्याला गुण, तेवढंच ते शिकतं.

"मग गुण बदल ना," मी म्हटलं. मला भूक लागली होती.

आत्याने डाव पूर्ण करण्याला गुण दिले. दुसऱ्या दिवशी डाव लवकर संपावा म्हणून सोबतीने सुरुवातीलाच वजीर घालवला आणि राजा माझ्यापुढे आणून उभा केला. असं जिंकून मला आणखीच राग आला. मग मी हसले की गुण द्यायचं ठरलं, तर पठ्ठ्या घोड्यावर उंट बसवायला लागला. आत्याने कपाळाला हात लावला. एवढं तिला कुठल्याच प्रतिस्पर्ध्याने छळलं नव्हतं.

"तुला नक्की काय हवंय?" तिने विचारलं.

हे आधी कुणी विचारलंच नव्हतं. मी चिडूनच म्हणाले, "कालची चूक मला आज करायची नाहीये. केलीच, तर कुठे चुकले ते कळायला हवं."

आत्याने तसे गुण ठरवले. "यातूनही हा पळवाट काढेल बरं का," ती म्हणाली. "काढली की पुन्हा बदलू. लक्ष ठेवणं आपलं काम."

त्या संध्याकाळी सोबती नीट खेळला आणि मी हरले. मग त्याने एकेक मोहरा उचलून मागे नेला आणि जिथे मी घोडा मोकळा सोडला होता, तिथे थांबला. आता पुन्हा खेळी माझी होती. चूक मला लख्ख दिसली आणि स्वतःचाच भयंकर राग आला.

आत्या दारातून बघत होती. मी आता उठणार, अशी तिला धास्ती वाटत असावी.

"सरक जरा, उजेड येऊ दे," मी तिला म्हटलं, आणि घोडा हातात घेतला.